डाव्या हाताचा कोयता

निर्मळच्या बेटी तुस्कानोला कुठलीही वस्तू चटकन पसंत पडत नाही. साधा खराटा घ्यायचा तरी ती दुकानाची अर्धी पायरी झाडून बघते, आणि वसईच्या होळी बाजारातल्या भाजीवाल्या तिला लांबून येताना पाहिलं की एकमेकींना खुणावतात. नवरा मात्र तिने एकाच भेटीत पसंत केला होता. ॲन्सेल्म तिला बघायला आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर केळीच्या चिकाचा तपकिरी डाग होता. आईने आतल्या खोलीत नाक मुरडलं. बेटीला वाटलं, मुलगी बघायला निघतानाही जो आधी वाडीत डोकावून येतो, तो कामाला चुकायचा नाही. छत्तीस वर्षांत तो एकदाही चुकला नाही.

चुकलं ते त्याचं शरीर. गेल्या मार्चमध्ये एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला आणि उजवी बाजू लुळी पडली. इस्पितळ झालं, मालीश झाली, व्यायाम शिकवायला येणारी मुलगी झाली. जीभ लवकर वळली. पायही परतला, जरा ओढत का होईना. उजवा हात तेवढा परतला नाही. बसल्यावर ॲन्सेल्म तो डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवतो, कुणी सांभाळायला दिलेली वस्तू ठेवावी तसा.

तुस्कानोंची वाडी घराच्या मागल्या दारापासूनच सुरू होते. थोडी भाजी, कडेने माड, बाकी सगळी केळ. त्यातही राजेळी जास्त. राजेळीचं झाड माणसाच्या दुप्पट वाढतं, त्यामुळे लोंगर, म्हणजे केळ्यांचा अख्खा घड, काढणं हे एकट्याचं काम नाही. एकाने बुंध्यावर कोयत्याचा घाव घालायचा, पण आरपार नाही, अर्ध्यापर्यंतच. मग झाड कमरेत लवल्यासारखं हळूहळू वाकतं. दुसऱ्याने खांद्यावर गोणपाटाची घडी टाकून खाली उभं राहायचं आणि उतरत येणारा लोंगर खांद्यावर झेलायचा. घाव कमी पडला तर झाड हलत नाही. जास्त पडला तर झाड एकदम कोसळतं आणि लोंगर खालच्याच्या मानेवर येतो. वसईतल्या पुष्कळ घरांत ही कामं दोन पुरुष करतात. तुस्कानोंकडे मात्र लग्नाच्या पहिल्या वर्षापासून घाव ॲन्सेल्मचा आणि खांदा बेटीचा. तिच्या एकाही जुन्या गाऊनचा डावा खांदा डागाशिवाय सापडणार नाही.

मे महिन्यात ॲन्सेल्मने आपला जुना कोयता डाव्या हातात घेतला. बेटी आनंदाने गोणपाट घेऊन उभी राहिली. पहिला घाव बुंध्यावरून घसरला. दुसराही घसरला. तिसरा त्याने चिडून घातला आणि तो भलत्याच जागी खोल गेला. झाड वाकलंच नाही, धाडकन पडलं. लोंगर बेटीच्या दंडाला घासून जमिनीत रुतला. ती घाबरली, पण त्याला वाईट वाटू नये म्हणून हसली. "काय नाय झालं, साधं खरचटलं," ती म्हणाली. ॲन्सेल्मने कोयता खाली ठेवला आणि तो घरात गेला. त्या दिवसापासून त्याने मागलं दार ओलांडलं नाही. दिवसभर पुढच्या ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून बसायचा.

मुलगा ॲलिस्टर विरारला फ्लॅटमध्ये राहतो. स्वभावाने गुणी, पण त्याचा सगळा विश्वास मोबाईलवर. त्याने ऑनलाइन एक कोयता मागवून दिला. खोक्यावर जंगल, दाढीवाला माणूस आणि एक तंबू. पातं काळं कुळकुळीत, मुठीला रबर, शिवाय म्यान. "मम्मी, चार हजार लोकांनी चांगला म्हटलंय," तो म्हणाला. त्या चार हजारांतल्या एकानेही नारळाची झावळी तोडली नसावी. दोन झावळ्यांतच पात्याची धार दुमडली आणि मुठीतलं पातं डुगडुगू लागलं. ॲन्सेल्मने एकदा तो डाव्या हातात घेऊन पाहिला, म्यानात घातला आणि कपाटावर ठेवून दिला. मुलाला काही बोलला नाही. बेटीला मात्र त्या रात्री जेवताना म्हणाला, "हिलरीशी बोललोय मी. नाताळ झाला की वाडी त्याला कसायला देऊन टाकू."

हिलरी शेजारचा. माणूस सोन्यासारखा, इतके महिने लोंगर तोच काढून देत होता. वाडी त्याच्या हातात गेली असती तर वाडीचं काहीच बिघडलं नसतं, पण ॲन्सेल्मचं काय उरलं असतं? बेटीने भाताचा घास तसाच ताटात ठेवला. ओटीवर बसून रस्ता बघणारा माणूस किती दिवस माणसात राहतो, हे तिने आपल्या वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं. 'नाताळाला अजून दीड महिना आहे,' तिने मनाशी म्हटलं आणि पुन्हा जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ॲन्सेल्मचा डोळा लागल्यावर ती जुना कोयता घेऊन वाडीत गेली. आडव्या पडलेल्या एका बुंध्यावर तिने आधी उजव्या हाताने घाव घातला. पातं लोण्यात शिरावं तसं गेलं. मग डाव्या हाताने घातला. पातं सरकलं. आपला डावा हात कच्चा, असं म्हणून तिने पुन्हा घातला, पुन्हा सरकलं. दहा घाव घातले आणि दहाही वेळा पातं एकाच बाजूला पळालं. बेटी तिथेच मटकन बसली. कच्चा हात असता तर घाव कधी इकडे गेला असता, कधी तिकडे. एकाच बाजूला जातोय म्हणजे खोट हाताची नसावी. पण मग कशाची, ते काही तिला उमगेना. छत्तीस वर्षं कोयत्याखाली उभं राहूनही कोयता कधी निरखून पाहिला नव्हता. ते खातं ॲन्सेल्मचं होतं आणि त्याला विचारायची सोय नव्हती. पुन्हा आशा दाखवायची आणि पुन्हा तोंडघशी पडायचं, हे त्याला आता झेपलं नसतं.

देवाची कृपा म्हणा, त्याच आठवड्यात निर्मळची जत्रा भरली. देऊळ हिंदूंचं असलं तरी जत्रा साऱ्या गावाची. सुकवलेल्या राजेळीची सुकेळी, घोंगड्या, पाळणे आणि त्याच गर्दीत एका कडेला लोहारांची पालं. बेटी सकाळीच निघाली. पिशवीत तिने केळीच्या बुंध्याचा हातभर तुकडा आणि झावळीचा एक दांडा घेतला होता. ॲन्सेल्मला म्हणाली, "सुकेळी बघून येते."

पहिल्या पालावर कोयते चांदीसारखे चमकत होते. बेटीने एकेकाला नखाने टिचकी मारली. चांगलं पोलाद खणखणतं, एवढं तिला भांड्यांवरून ठाऊक होतं. हे ठणठण न करता थप्प वाजलं. दुसऱ्या पालावर आवाज बरा होता, पण मूठ नुसती वरून ठोकलेली. तिसरं पाल वाड्याकडून आलेल्या जयवंत लोहाराचं होतं. तो भाता सांभाळत होता आणि त्याची बायको यमुना घण मारत होती. त्यांचे कोयते दिसायला अगदीच ओबडधोबड, काळे, अंगभर हातोड्याचे ठसे. पण पात्याचं शेपूट मुठीतून आरपार निघून मागे वळवलेलं होतं आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं घट्ट बसवलेलं होतं. बेटीने टिचकी मारली. कोयता घंटेसारखा वाजला.

"ट्रकच्या कमानीचा पट्टा हाय तो," जयवंत म्हणाला. "रंग नाय, पॉलिश नाय. मी पैसे पोलादाचे घेतो, चमकीचे नाय. नातू वापरंल तुमचा."

बेटीने पिशवीतून बुंधा काढला, जमिनीवर ठेवला आणि कोयता डाव्या हातात धरून घाव घातला. पातं सरकलं. तिने दुसरा कोयता घेतला. तोही सरकला. तिसरा, चौथा. एव्हाना आजूबाजूला माणसं जमली होती आणि कुणीतरी म्हणालं, मावशी कोयता घेतेय की कोशिंबीर करतेय? बेटीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिचं तोंड मात्र रडवेलं झालं होतं. इतका चांगला कोयता, आणि त्याचंही तेच.

यमुनाने घण खाली ठेवला. "बाई, तुमी डावऱ्या हाव का?"

"मी नाय. माझे मालक. म्हणजे आता झालेत." आणि मग त्या अनोळखी बाईसमोर बेटीने मार्चपासूनचं सगळं सांगून टाकलं. सख्ख्या बहिणीलाही तिने इतकं सांगितलं नव्हतं.

यमुनाने एक कोयता उचलून तिच्या डोळ्यांसमोर उभा धरला. "ही धार बघा. या एकाच बाजूनं घासलीय. ती बाजू सपाट. उजव्या हातानं मारलं की सपाट बाजू झाडाला लागून आत शिरते. डाव्यानं मारलं की उतरती बाजू झाडाला लागते आनि पातं घसरतं. मानसाचा काय दोष त्यात?"

बेटीने तो कोयता स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. एवढंसं होतं. सहा महिने एक माणूस आपल्या हाताला दोष देत ओटीवर बसला होता, आणि दोष एका उताराचा होता. तिला राग आला, हसू आलं आणि मग डोळेच भरून आले. तिने पदराने तोंड पुसलं. "मग दुसऱ्या बाजूने धार लावून द्या."

"देतो की," जयवंत म्हणाला. "पन घडलेलं घासून पातळ नाय करायचं. नवीन घडतो, पानी पाजतो, उद्या न्या. मालकांना घेऊन या मात्र. डावा हात उजव्यापेक्षा कमी जोराचा, त्याला मूठ मापाची लागते. जाड झाली तर सुटंल."

"ते यायचे नायत."

"मग माप आना."

माप आणा म्हणणं सोपं. छत्तीस वर्षांच्या नवऱ्याचा हात धरून त्याला दोरा गुंडाळायचा, आणि त्याने 'कशाला?' विचारलं तर काय सांगायचं? बेटी वाटभर विचार करत घरी आली आणि सुकेळी आणायची विसरली, ते दारात पाय टाकल्यावर तिच्या लक्षात आलं. "महाग होती," तिने ठोकून दिलं.

संध्याकाळी दोघं घरातल्या वेदीपुढे रोझरीच्या प्रार्थनेला बसली. ॲन्सेल्मची माळ आता डाव्या हातात असायची आणि एका हाताने मणी पुढे सरकवताना ती सारखी घसरायची. रोझरीच्या दुसऱ्या टप्प्याला, म्हणजे दुसऱ्या रहस्याला, माळ पुन्हा घसरली, तेव्हा बेटी त्याच्या शेजारी सरकून बसली. तिने त्याचा डावा पंजा उघडून आपल्या मांडीवर घेतला, त्यावर माळ ठेवली आणि आपल्याच बोटाने एकेक मणी पुढे ढकलू लागली. 'नमो मारिया' म्हणत ती मधल्या बोटाच्या टोकापासून निघाली, बोटाच्या पेरांवरून, तळव्याच्या घट्ट्यांवरून, अंगठ्याच्या मुळापर्यंत आली. एक दशक, म्हणजे दहा मणी, आणि वर तीन. खात्री करायला ती पुन्हा टोकापासून निघाली. त्या दिवशी तुस्कानोंच्या घरात एक दशक जास्तीचं म्हटलं गेलं. ॲन्सेल्मच्या ते ध्यानात आलं की नाही कोण जाणे, पण त्याने हात काढून घेतला नाही. इतक्या वर्षांत तिने कधी त्याचा हात असा उघडून पाहिला नव्हता. प्रार्थनेत लक्ष नव्हतं, याची बेटीने मनातल्या मनात माफी मागितली. फार मनापासून काही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने माळ जयवंतच्या पुढ्यात लाकडी मुठींवर ठेवली. "तेरा मणी," ती म्हणाली. जयवंतने आयुष्यात नाना तऱ्हेची मापं घेतली असतील, पण हे पाहून तो हात धुऊन आला आणि मगच माळेला शिवला. त्याने बाभळीची एक मूठ निवडली, थोडी तासली, पुन्हा माळ लावून बघितली. मूठ बसवून झाल्यावर बेटीने कोयता डाव्या हातात घेतला आणि पिशवीतल्या बुंध्यावर घाव घातला. पातं आत शिरलं. सरळ. तिने पुन्हा घातला. बुंध्याचे दोन तुकडे झाले, मग चार, मग यमुनाच म्हणाली, "बस करा बाई, आता खरंच कोशिंबीर होईल." किंमत ॲलिस्टरच्या खोक्याच्या निम्मीही नव्हती. तरी बेटीने घासाघीस केलीच, नाहीतर तिला चुकल्यासारखं वाटलं असतं.

घरी येऊन तिने कोयता ओटीवर ॲन्सेल्मच्या शेजारी ठेवला आणि आत गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र बघत राहिली. तो बराच वेळ रस्त्याकडेच बघत होता. मग त्याने कोयता उचलला. मूठ पंजात बसली तेव्हा त्याचे खांदे जरा खाली आले. त्याने अंगठा पात्यावरून आडवा फिरवला आणि मध्येच थांबला. पुन्हा फिरवला.

"बेटी," त्याने हाक मारली. "हा उलटा हाय."

"तुमच्या डाव्या हाताला सुलटा हाय," ती आतूनच म्हणाली. "जुन्याची धार उजव्या हाताची होती. तुमचा हात चांगला हाय. पहिल्यापासून चांगला होता."

त्याने कोयता पुन्हा ओटीवर ठेवला. पण तासाभराने मागलं दार वाजलं आणि वाडीतून कोयत्याचा आवाज आला. बेटीने गॅस बंद केला, भाजी अर्धीकच्ची राहिली तर राहू दे म्हणून, आणि नुसतं ऐकत उभी राहिली. पुढचे पंधरा दिवस तो रोज वाडीत गेला. आधी पडलेले बुंधे, मग सुकी पानं, मग लोंगर काढून झालेली उभी झाडं. त्यांवर तो अर्धाच घाव घालायचा आणि झाड कसं वाकतं ते बघायचा. बेटीला वाटलं, जिंकलं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी एक राजेळीचा लोंगर तयार झाला होता. बेटी गोणपाट घेऊन वाडीत गेली, तर तिथे हिलरी खांद्यावर गोणपाट टाकून उभा. "ॲन्सेल्म अंकलने बोलावलं," तो ओशाळून म्हणाला.

बेटीचा पारा चढला. "का? माझा खांदा म्हातारा झाला?"

"हिलरीला उभा राहू दे," ॲन्सेल्म म्हणाला. "तू घरी जा."

"नाय जात. छत्तीस वर्षं माझी जागा हाय ती. आठ महिने मी तुमच्या हातासाठी वणवण केली, ती हिलरीला उभा करायला? एवढा कोयता आणला, तो जमत नाय का?"

"कोयता जमतो," ॲन्सेल्म म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "मे महिन्यात तू हसलीस. तो लोंगर तुझ्या मानेपासून एवढा लांब होता, एवढा, आणि तू हसलीस. त्या दिवशी माझा हात नाय गेला बेटी, धीर गेला. घाव चुकला तर हिलरी मला शिव्या देईल. तुझ्यावर पडला तर मी कोनाकडे बघू?"

इतके महिने ती समजत होती की तो लाजतोय, खचलाय, रागावलाय. तो तर घाबरला होता, आणि तेही तिच्यासाठी. म्हणून वाडीकडे पाठ फिरवली, म्हणून वाडी द्यायला निघाला. हिलरी शहाणा. त्याने आपलं गोणपाट झटकलं आणि विहिरीच्या मोटारीकडे काहीतरी बघायला निघून गेला.

बेटीने घडी खांद्यावर नीट बसवली आणि लोंगराखाली जाऊन उभी राहिली. मान वर करून झाडाकडे बघितलंसुद्धा नाही. "मारा," ती म्हणाली.

ॲन्सेल्म हलला नाही. ती तशीच उभी राहिली. शेवटी त्याचा तो ओढणारा पाय पाचोळ्यातून जवळ आल्याचा आवाज आला आणि पहिला घाव बसला. छोटासा.

"आहेस ना?" त्याने विचारलं.

"हाय."

दुसरा घाव. "आहेस?"

"हाय हो. कुठे जाते?"

तिसऱ्या घावाला बुंधा करकरला आणि झाड वाकू लागलं, हळूहळू, घाई नसल्यासारखं. लोंगर तिच्या खांद्यावर उतरला आणि त्याचं सगळं वजन तिच्या अंगात गेलं. आता त्याने लगेच लोंगराचा दांडा तोडायचा असतो. बेटी वाट बघत राहिली. ॲन्सेल्मने कोयता बुंध्यातच रुतवून ठेवला, कारण त्याला कामाचा एकच हात होता, आणि तो हात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला.

"अहो, दांडा तोडा ना," ती लोंगराखालून म्हणाली. "खांदा मोडला माझा."

"थांब जरा," तो म्हणाला.

बेटी थांबली.